हप्त्यावर बाजार चालतो, पण हप्ता कशावर चालतो?

प्रश्न: नमस्कार. आमचे वडगावात चार पॉवरलूम आहेत, साड्या विणतो. दिवाळी आणि लग्नसराईत बरं चालतं, पावसाळ्यात माग थंड. खडेबाजारात फ्रिज बघायला गेलो तर दुकानदार म्हणाला झिरो टक्के हप्ता, 24 हजारचा फ्रिज, 12 महिने 2 हजार, वर फक्त 500 प्रोसेसिंग फी. रोख दिले तर 22,500. मुलगा बी.कॉम.ला आहे, तो म्हणतो लोक कर्ज काढून वस्तू घेतात म्हणूनच इकॉनॉमी चालते. त्याचं बरोबर आहे काय?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर: दादा, मुलाचं बरोबर आहे पण अर्धं. पगार वर्षभर थोडा थोडा येतो आणि फ्रिज एकदम लागतो, ही मधली अडचण कर्जाने सुटते, त्यात वाईट काहीच नाही. दुकानात माल हलतो, कारखान्याला ऑर्डर जाते, तिथल्या कामगाराला पगार मिळतो, आणि त्याच पगारातून त्याच्या घरी लग्नाला तुमच्याकडची साडी जाते. पण हे पैसे कुठून नवीन आलेले नसतात हो, पुढच्या वर्षीच्या कमाईतले आज उचललेले असतात, त्यामुळे पुढच्या वर्षी तेवढी खरेदी कमी होणार, मधल्या काळात कमाई वाढली तरच ते पचतं. सगळेच असे उचलायला लागले आणि काहींचे हप्ते थकले की बँका हात आखडतात, आणि मग ज्याने कधी कर्ज काढलं नाही त्याचाही धंदा बसतो. म्हणूनच नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जाचं रिस्क वेट 100 वरून 125 टक्के केलं, म्हणजे असं कर्ज वाटायचं तर बँकेने स्वतःचं भांडवल जास्त बाजूला ठेवायचं.

आता तुमचा फ्रिज. रोख किंमत 22,500, त्यातले 500 तुम्ही फी म्हणून आधीच देताय, म्हणजे खरं कर्ज मिळालं 22 हजाराचं आणि फेडताय 24 हजार. दोन हजार म्हणजे 9 टक्के वाटतात, पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं ना, सहाव्या महिन्यात तुमच्याकडे जेमतेम निम्मं उरलेलं असतं, त्यामुळे वर्षाचा खरा दर 16 टक्क्यांच्या वर जातो. झिरो कुठे राहिलं सांगा! उधारीचं पोतं सव्वा हात रितं म्हणतात ते हेच.

पण माझी खरी काळजी व्याजाची नाही, हप्त्याच्या तारखेची आहे. हे हप्ते महिन्याच्या महिन्याला पगार येणाऱ्या माणसासाठी आखलेले असतात. तुमचा माग आषाढात थांबला म्हणून 5 तारीख थांबत नाही, खात्यात पैसे नसले की कंपनीचा दंड वेगळा, बँकेचा वेगळा, आणि सिबिलमध्ये, म्हणजे कोण कर्ज कसं फेडतो याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे, नोंद होते ती पुढे मागासाठी कर्ज मागायला गेलात की आडवी येते. म्हणून माझं स्पष्ट मत, लग्नसराईचे पैसे हातात आले की रोख घ्या, फी धरून 2 हजार तिथेच वाचले. आत्ताच पाहिजे असेल तर पावसाळ्याचे हप्ते आधी बाजूला काढून ठेवा, नाहीतर नको.

आणि घरात बायकांच्या गटाचं मायक्रोफायनान्सचं कर्ज चालू असेल तर तेही धरा. वर्षाला 3 लाखापर्यंत कमाई असलेल्या घराला असं कर्ज देताना घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाऊ नयेत असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. पण निम्मं हे वरचं टोक झालं, तुमच्यासारख्या धंद्यात चौथा हिस्सासुद्धा मला जास्तच वाटतो.

प्रश्न: कर्जाचे कागद इंग्लिश नाहीतर कन्नडमध्ये येतात, सही कर म्हणतात. मी काय करू?
— एक ताई, खानापूर

उत्तर: सही करू नका ताई. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, द्यावंच लागतं, आणि ते कर्ज घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत. मराठीत मागा. त्यात एपीआर लिहिलेला असतो, सगळी फी धरून वर्षाचा दर, तो आकडा आधी बघा आणि दुसऱ्या बँकेच्या आकड्याशी ताडून घ्या.