एम.ए. नंतर समुपदेशकाने नेमकं काय शिकत राहावं? ईएमडीआर करू की डीबीटी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. होऊन तीन वर्षं झाली, एका मानसोपचारतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये काम चालू आहे. शनिवार-रविवारच्या कोर्सेसची आठ सर्टिफिकेटं जमली, पण प्रत्यक्ष सत्रांत फारसा फरक जाणवत नाही. आता पुढचा कोर्स कोणता करावा: ईएमडीआर (आघातानंतरच्या त्रासावरची उपचारपद्धत) की डीबीटी (भावना सावरण्याची कौशल्यं शिकवणारी उपचारपद्धत)?

कोर्सचं उत्तर शेवटी देतो, कारण तुमची अडचण कोर्सची नाही असं मला वाटतं.

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग ही, बदलायची इच्छा माणसाच्या स्वतःच्या बोलण्यातून जागी करणारी पद्धत मांडणाऱ्या विल्यम मिलर यांनी २००४ साली व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या १४० जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना फक्त कार्यशाळा दिली. काहींना कार्यशाळेनंतर त्यांच्या सत्रांच्या रेकॉर्डिंगवर लेखी अभिप्राय दिला, काहींना फोनवर मार्गदर्शन दिलं, काहींना दोन्ही दिलं. नुसत्या कार्यशाळेने आलेलं कौशल्य ओसरलं, अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालेल्यांचं टिकलं. आणि समोर बसलेल्या माणसाच्या बोलण्यात बदल दिसला तो दोन्ही मिळालेल्यांच्याच सत्रांत. अनुभवाचंही तसंच आहे. २०१६ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात १७० थेरपिस्ट आणि त्यांचे साडेसहा हजारांहून अधिक क्लायंट पाहिले गेले. वर्षं वाढली म्हणून सरासरी थेरपिस्टचे परिणाम सुधारले नाहीत, उलट अगदी किंचित घसरले. म्हणजे नुसतं काम करत राहूनही भागत नाही आणि नुसते कोर्स करूनही नाही.

म्हणून सुरुवात रेकॉर्डिंगपासून करा. बहुतेक जण इथेच अडतात, कारण स्वतःचा आवाज ऐकणं फार जिवावर येतं.

संमती लेखी घ्या. त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: रेकॉर्डिंग कशासाठी, कोण ऐकणार, किती दिवसांनी पुसणार, आणि मध्येच 'नको' म्हटलं तरी उपचारावर काही परिणाम होणार नाही. अठराच्या आतलं मूल असेल तर पालकांची संमती आणि मुलाचा होकार, दोन्ही लागतात. ज्यांच्या घरात हिंसा चालू आहे किंवा जे पहिल्यांदाच आले आहेत, त्यांना विचारूच नका. फक्त आवाज पुरे, व्हिडिओची गरज नाही. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा आणि त्याआधी फाइली आपोआप क्लाउडवर जाण्याची सोय बंद केलीय ना ते तपासा. हे हमखास विसरतं, आणि मग क्लायंटचं सत्र घरच्या टॅबवर ऐकू येतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून रेकॉर्डिंग कुणालाही पाठवायचं नाही, सुपरवायझरलाही (तुमच्या केसेस तपासून मार्गदर्शन करणारा अनुभवी थेरपिस्ट) नाही.

सबंध सत्र ऐकत बसू नका. मधली दहा मिनिटं निवडा आणि ती हाताने उतरवून काढा. मग स्वतःच्या प्रत्येक वाक्यासमोर एक अक्षर लिहा: प्र म्हणजे प्रश्न, उ म्हणजे क्लायंटचं म्हणणं त्याला परत ऐकवणं, स म्हणजे सल्ला, मा म्हणजे माहिती. समजा क्लायंट म्हणाली, "ऑफिसात ठीक असतं हो. पण पाच वाजले की पोटात गोळा येतो. घरी जायचं म्हटलं की नको वाटतं." यावर "घरी कोण कोण असतं?" हा प्र झाला. "दिवस कसाबसा निघतो, पण संध्याकाळ जवळ आली की शरीरच सांगायला लागतं, घरी नको" हा उ झाला. पहिल्याने तुमच्या केसपेपरची सोय होते. दुसऱ्याने ती आणखी बोलते. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगच्या मोजणीत प्रश्नामागे एक उ असेल तर ठीकठाक आणि दोन असतील तर चांगलं मानतात. इतर पद्धतींना हे माप जसंच्या तसं लागू नाही, पण दहा मिनिटांत चौदा प्र आणि दोन उ निघाले तर ते सत्र नव्हतं, चौकशी होती. पहिल्या भेटीत माहिती घ्यावीच लागते, तेव्हा ती भेट या मोजणीत धरू नका.

स ची संख्या आपल्याकडे जास्त निघते, त्याला कारण आहे. डॉक्टरकडे आलेल्या माणसाला काहीतरी हातात हवं असतं. "मग तुम्हीच सांगा मॅडम, मी काय करू?" हे प्रत्येकाला ऐकावं लागतं. त्यावर "मी सल्ला देत नाही" असं पुस्तकी उत्तर दिलं तर माणूस दुखावतो आणि पुढच्या वेळी येत नाही. "सांगते ना, पण आधी तुम्ही काय काय करून पाहिलंत ते कळू दे" म्हणा. दहापैकी सात वेळा त्यांचं उत्तर त्यांच्याच यादीत सापडतं. (हा सात माझा अंदाज आहे, संशोधन नव्हे.)

दुसरी गोष्ट मोजमाप. आपला क्लायंट बिघडतोय हे आपल्याला कळतं असं प्रत्येकाला वाटतं. २००५ च्या एका अभ्यासात ५५० क्लायंटपैकी ४० जणांची प्रकृती उपचाराअखेर आधीपेक्षा खालावली होती. थेरपिस्टांनी बिघडतील म्हणून तिघांचीच नावं दिली होती, आणि त्यातलं एकच बरोबर निघालं. त्यामुळे अंदाजावर विसंबू नका. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७ या प्रश्नावल्या मोफत आहेत. पीएचक्यू-९ मध्ये गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले की नीट तपासावं लागतं, आणि पाच गुणांची घट झाली तर ती खरी सुधारणा मानतात. सत्र सुरू व्हायच्या आधी भरून घ्या. शेवटी घेतलं तर माणूस तुम्हाला बरं वाटावं म्हणून कमी गुण देतो.

यात बिघडतं कुठे? शेजारी नवरा किंवा आई बसलेली असते. वाचता न येणाऱ्यांना प्रश्न वाचून दाखवताना आपण नकळत आवाजातूनच उत्तर सुचवतो. आणि नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा, घाईत किंवा संकोचाने गाळला जातो. तो सरळ विचारा: "जगणं नको, जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, हे पुन्हा पुन्हा तपासलं गेलं आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं, तर बाकीचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी बोलायचं. चार ते सहा सत्रांत आकडा हललाच नाही तर ती केस सुपरव्हिजनला न्या, सातव्या सत्रात तेच आणखी जोरात करू नका.

नववा प्रश्न आलाच आहे तर सांगतो. तुमच्या आठ सर्टिफिकेटांत सुरक्षा आराखड्याचं (जीव द्यावासा वाटला तर काय करायचं ते क्लायंटबरोबर आधीच लिहून ठेवण्याचं) प्रशिक्षण नसेल, तर बाकी सगळं थांबवून आधी ते घ्या. स्टॅन्ली आणि ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या आराखड्यात सहा पायऱ्या आहेत: धोक्याची चाहूल कशी लागते, एकट्याने काय करता येतं, कोणाजवळ किंवा कुठे गेल्यावर मन दुसरीकडे वळतं, मदत कुणाकडे मागायची, व्यावसायिक मदत कुठे, आणि आजूबाजूची जागा सुरक्षित कशी करायची. पाचव्या ओळीत तुमच्या क्लिनिकचा नंबर आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ येतो. सहावी पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच सगळ्यात ढिसाळ भरली जाते. "औषधं जपून ठेवा" हे पुरेसं नाही. फवारणीचं औषध घरात आहे की शेतातल्या खोलीत? कुलूप आहे का? किल्ली कोणाकडे राहील? तो माणूस आज तुमच्यासमोर फोनवर बोलू शकेल का? इथपर्यंत जावं लागतं. आराखडा क्लायंटच्याच शब्दांत, त्याच्याच हस्ताक्षरात हवा. लिहिता येत नसेल तर त्याच्या आवाजात रेकॉर्ड करून त्याच्याच फोनवर ठेवा. 'मी जीव देणार नाही' असं लिहून सही घेण्याची पद्धत अजून काही ठिकाणी चालते. तिचा उपयोग होतो असा पुरावा नाही. त्या सहीने फक्त समुपदेशकाला झोप लागते.

आता सुपरव्हिजन. तुम्ही ज्यांच्या क्लिनिकमध्ये आहात ते डॉक्टर कितीही चांगले असले तरी सुपरवायझर म्हणून चालणार नाहीत. तुमचा पगार त्यांच्या हातात असल्यामुळे नेमक्या फसलेल्या केसेस तुम्ही त्यांना दाखवणार नाही. बाहेरचा माणूस शोधा आणि ठरवण्याआधी एकच विचारा: रेकॉर्डिंग ऐकणार का? नुसतं तोंडी सांगितलेल्या केसवर चर्चा करणारा सुपरवायझर तुम्ही सांगाल तेवढंच सुधारू शकतो. ब्रिटनच्या समुपदेशक संघटनेत महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन सक्तीचं आहे. आपल्याकडे अशी सक्ती नाही, पण माप म्हणून तेच धरा.

पैशांची अडचण असेल तर चौघांचा गट करा. यासाठी गोव्याचं उदाहरण जवळचं आहे. 'संगत' संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावरचे उपचार करून घेतले. सहा ते आठ सत्रं, माणसाला पुन्हा कामात आणि माणसांत आणण्यावर भर. परिणाम २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि ते चांगले होते. मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की समुपदेशक गटात बसून एकमेकांची रेकॉर्डिंग ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत. या कार्यक्रमाची पुस्तिका मोफत मिळते. तुमच्याकडे नैराश्याचे पेशंट जास्त येत असतील तर तीच पुस्तिका घेऊन तीच पद्धत वापरा: पंधरा दिवसांनी दीड तास, एका वेळी एकाचीच दहा मिनिटं. ज्याचं रेकॉर्डिंग आहे त्याने आधी एक प्रश्न सांगायचा, उदाहरणार्थ "क्लायंट रडली तेव्हा मी घाई केली का?" बाकीच्यांनी बोलायच्या आधी कागदावर गुण लिहायचे. हा क्रम मोडला की पहिला बोलणाराच सगळ्यांचं मत ठरवतो आणि सभा 'छान झालं हं' वर संपते. लहान शहरात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून नाव, गाव आणि नोकरी बदलून सांगा. आवाज ओळखीचा वाटला तर त्या सभासदाने तेवढ्यापुरतं बाहेर जायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

आता कोर्स.

सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी पद्धत) किंवा आरईबीटी (अविवेकी विचार तपासून बदलणारी विवेकनिष्ठ पद्धत) यांपैकी एक पाया म्हणून पक्कं करा. महाराष्ट्रात आरईबीटीची सोय चांगली आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली ही पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली आणि ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेत तिचं प्रशिक्षण मिळतं. मराठीत शिकण्याचा मोठा फायदा म्हणजे सत्रात डोक्यातल्या डोक्यात भाषांतर करावं लागत नाही. धोका एकच: नवशिके वाद घालायला लागतात. "हा तुमचा अविवेकी विचार झाला" असं तिसऱ्या मिनिटाला ऐकल्यावर माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन तेच करतो. सीबीटी निवडलंत तर सत्रं ११ निकषांच्या सीटीआरएस मोजपट्टीवर तपासून घ्या. एकूण ६६ पैकी ४० ला सक्षम मानतात. चाळीसपर्यंत पोचायच्या आधी दुसरी पद्धत हाती घेऊ नका.

डीबीटीचं पूर्ण रूप चार भागांचं आहे: वैयक्तिक सत्रं, कौशल्यांचा गट, मधल्या काळात फोनवर मदत, आणि थेरपिस्टांची स्वतःची सल्लामसलत टीम. एकट्याने क्लिनिकमध्ये बसून हे करता येत नाही. दोन दिवसांच्या कोर्समधून भावना सावरण्याची काही कौशल्यं जरूर उचला, पण पाटीवर 'डीबीटी थेरपिस्ट' लिहू नका. पाटीवरून आठवलं, 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हेही लिहू नका. १९९२ च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असल्याशिवाय ते वापरता येत नाही. समुपदेशक आणि इतर मानसशास्त्रज्ञ आता २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात आले आहेत, म्हणून इंटर्नशिपची पत्रं आणि सुपरव्हिजनच्या तासांची सही-शिक्क्याची नोंद आतापासूनच जपून ठेवा. मुलांबरोबर काम असेल तर पॉक्सो या, मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं कलम १९ तोंडपाठ हवं: लैंगिक अत्याचार कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गोपनीयतेचं आश्वासन देतानाच ही मर्यादा सांगायची, नंतर नाही.

समलिंगी आणि ट्रान्स व्यक्तींबरोबर काम करण्यासाठी मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या संस्थेचा कोर्स आहे. शहर कोणतंही असो, असे क्लायंट येतातच, फक्त तुम्हाला सांगत नसतील.

राहिलं ईएमडीआर. आघातानंतरच्या त्रासासाठी ते उपयोगी आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची शिफारस केली आहे. पण आंतरराष्ट्रीय मापानुसार मूलभूत प्रशिक्षण म्हणजे २० तास शिकवणं, २० तास सराव आणि १० तास स्वतःच्या केसेसवर सल्लामसलत. जाहिरातीत 'दोन दिवसांत ईएमडीआर' दिसलं तर पुढे स्क्रोल करा. आणि ज्या क्लायंटला अजून स्वतःला सावरता येत नाही, त्याची जखम उघडून दीड तासाने बसस्टॉपवर सोडणं हा या पद्धतीतला नेहमीचा घोटाळा आहे. म्हणून या वर्षी नको. वर्षाच्या बजेटचे चार भाग केले तर तीन सुपरव्हिजनवर आणि एक कोर्सवर खर्च करा, आणि तोही पाया पक्का करणाऱ्या कोर्सवर. पुढच्या वर्षी ईएमडीआरसाठी पैसे भरायला निघालात तर आयोजकांना फोन करून विचारा की ते शेवटचे १० तास फीमध्ये धरलेत का, आणि ते घेणार कोण.