जुने हेड बोल्ट वापरून २,४०० रुपये वाचवावेत का?

प्रश्न: गाडी ११ वर्षांची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्यामधलं सील) गेलं आहे. गॅरेजचा अंदाज १२,००० रुपये: मजुरी ६,०००, वरचा गॅस्केट सेट २,२००, हेड फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं) १,२००, ऑइल-फिल्टर-कुलंट २,६००. हेड ब्लॉकवर आवळून धरणारे दहा नवे हेड बोल्ट घेतले तर आणखी २,४००. मेकॅनिक म्हणतो, जुने चालतील. काय करू?

उत्तर: आधी नुसता हिशोब करू. जुन्या बोल्टांमुळे गॅस्केट पुन्हा गेलं, तर मजुरी, गॅस्केट, ऑइल, कुलंट सगळं नव्याने, म्हणजे १०,८०० रुपये. काम फसण्याची शक्यता २२ टक्क्यांच्या आत असेल, तर कागदावर जुने बोल्ट परवडतात. त्यामुळे मेकॅनिकला लगेच वेड्यात काढू नका.

पण या आकड्यात बोल्ट आवळताना ब्लॉकमध्येच तुटला तर काय, हे धरलेलं नाही. अडकलेला तुकडा ड्रिल करून काढायचा, आटे गेले असतील तर नवे पाडायचे. त्या खर्चाचा अंदाज आधी कोणी देत नाही.

म्हणून तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघायला सांगा. याला पैसे पडत नाहीत. आवळण्याची सूचना ‘इतके न्यूटन-मीटर, मग ९० अंश, पुन्हा ९० अंश’ अशी असेल, तर बोल्ट बहुधा ताणले जाणारे आहेत. ते आवळतानाच कायमचे लांबतात आणि त्या ताणावर हेड दाबून धरतात. दुसऱ्यांदा तेवढेच अंश फिरवले तर ताणायला उरलेला जीव कमी असतो: कधी दाब कमी पडतो, कधी मान बारीक होऊन बोल्ट तुटतो. दाब कमी पडला की कुलंट झिरपतं, ऑइलमध्ये मिसळलं तर ते दुधाळ होतं.

मॅन्युअल ‘पुन्हा वापरू नका’ म्हणत असेल तर वरचा हिशोब विसरा, नवे घ्या. काही कंपन्या मात्र लांबीची किंवा व्यासाची मर्यादा देऊन पुनर्वापराला परवानगी देतात. तिथे दहाही बोल्ट व्हर्नियरने मोजून घ्या; एक जरी मर्यादेबाहेर गेला तरी मी अख्खा सेट बदलेन. ‘डोळ्यांना बरे दिसतात’ हे मोजमाप नव्हे.

तुमच्याकडे मॅन्युअलच मिळत नसेल, तर २,४०० खर्च करा. १२,००० च्या कामात हा एक पंचमांश आहे. मात्र गॅरेजमध्ये टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा पाना) नसेल तर नव्या बोल्टांचे पैसेही वाया. ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवेने साफ करून घ्या. तळाशी ऑइल किंवा पाणी साचलं असेल तर आवळताना ब्लॉक तडकू शकतो. आणि गॅस्केट मुळात का गेलं, हेही विचारा. फॅन, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप बिघडलेला तसाच राहिला, तर नवे बोल्टही तुम्हाला वाचवणार नाहीत.

बिलावर बोल्ट नवे की जुने, आणि मजुरीची हमी किती महिन्यांची, हे लिहून घ्या. जुने बोल्ट टाकून हमी द्यायला गॅरेज कचरलं, तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. विम्याच्या भरवशावर थांबू नका, नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड येत नाही. पैसे आपत्कालीन निधीतून द्या. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना साडेतीन टक्क्यांनी वाढू दिलीत, तर बोल्टांवर वाचवलेले पैसे सहा महिन्यांतच व्याजात जातील.