पर्वरीत काळ्या काचांवरून चलान: भरायचं की भांडायचं?

तुमचा प्रश्न असा की गोव्यात पर्वरीला गाडी अडवली, काचांवर चिकटवलेल्या काळ्या फिल्मसाठी 500 रुपयांचं चलान दिलं, पण फिल्मवाल्याने तर '70/50 आरटीओ अप्रूव्ड' असं सर्टिफिकेट दिलंय, मग भांडता येईल का? माझं ऐकाल तर भरून टाका आणि फिल्म काढा.

मुळात 70/50 हा आकडा काचेचा आहे, फिल्मचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 100 प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. आता समजा तुमच्या गाडीची कंपनीची काचच 75 टक्के उजेड सोडते, तिच्यावर 70 ची (म्हणजे 70 टक्के उजेड सोडणारी) फिल्म लावली की हिशोब 52-53 वर येतो, म्हणजे मागची काच तिथंच नापास, आणि बाजूला 50 ची लावली असेल तर 37-38 च उरतात. फिल्मवाला हे गणित कधी सांगत नाही, सांगेल कशाला, त्याचा धंदा आहे.

दुसरं म्हणजे 27 एप्रिल 2012 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, कितीही टक्क्यांची असो, काचेवर वरून फिल्म किंवा दुसरं काही चिकटवायचंच नाही. 4 मे 2012 पासून तो देशभर लागू आहे, सूट फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षावाल्यांना. नुसतं चलान नाही, फिल्म जागेवर काढायचे अधिकारही पोलिसांना आहेत, त्यामुळे तुमची काच तशीच ठेवून सोडलं हे नशीबच म्हणायचं.

आता कोणीतरी इथे येऊन केरळचा निकाल टाकणारच, म्हणून आधीच सांगतो. सप्टेंबर 2024 ला केरळ हायकोर्टाने म्हटलं की 1 एप्रिल 2021 पासून बदललेल्या नियमात सेफ्टी ग्लेझिंग (म्हणजे काच आणि तिच्यावरचा प्लास्टिकचा थर) बसतं, म्हणून 70/50 पाळणारी फिल्म चालेल. पण आपण गोव्यातले, मुंबई हायकोर्टाखाली येतो, तो निकाल इथे बंधनकारक नाही, आणि रस्त्यावर उभ्या हवालदाराला प्रिंटआउट दाखवून काय होणार? शिवाय वरचं गणित बघा, तुमची फिल्म त्या निकालातही बसेल असं वाटत नाही. 500 साठी वकील करायचा असेल तर ज्याची त्याची हौस.

पुन्हा पकडले गेलात तर मात्र 1500. चलान परिवहनच्या ई-चलान साइटवर स्वतः गाडी नंबर टाकून बघा आणि तिथेच भरा. व्हॉट्सअ‍ॅपवर चलानच्या नावाने एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) आली तर उघडू नका, खातं रिकामं होतं.

कंपनीतूनच हलका हिरवा रंग आलेली काच असेल तर घाबरू नका, कोपऱ्यातला कंपनीचा शिक्का दाखवायचा आणि शांतपणे बोलायचं, हुज्जत नाही. उन्हाचं दुखणं खरं आहे, मे महिन्यात पणजीत पार्क केलेली गाडी भट्टी होते, त्याला गाडी उभी असताना लावायची सनशेड बरी, चालवायच्या आधी काढून डिकीत टाकायची.

फिल्म काढताना हेअर ड्रायरने गरम करत हळूहळू ओढा. मागच्या काचेला ब्लेड अजिबात लावू नका, डीफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) तारा तुटतात, तिथे तारांच्या दिशेनेच आडवी ओढा आणि उरलेला गोंद साबणाच्या पाण्याने मऊ करून कपड्याने पुसा.