आरोपी स्वतःच साक्षीला उभा राहिला तर?

प्रश्न: सिरियलमधे खुनाचा आरोपी साक्ष देतो आणि सरकारी वकील ओरडून ओरडून कबुली काढतात. आपल्याकडे होतं का असं? मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. – एक वाचक, लातूर

उत्तर: कबुलीबिबुली विसरा. आपल्याकडे आरोपी सहसा साक्षीला उभाच राहत नाही, गरजच काय, सरकारी पुरावा संपला की जज त्याला प्रश्न विचारतात (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३१३, आता बीएनएसएसचं म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३५१), तिथे शपथ नाही, उलटतपासणी नाही, "खोटं आहे", "माहीत नाही" म्हटलं की झालं. शपथेवर बोलायचं तर त्याने स्वतः लेखी मागायचं, आणि नाही मागितलं तर त्यावर कुणी टिप्पणीही करायची नाही.

पण उभा राहिला की मग मजा. नानावटी केस घ्या. २७ एप्रिल १९५९, मुंबई, प्रेम आहुजाचा खून. आरोपी नौदलाचे कमांडर नानावटी, ते साक्षीला उभे राहिले, म्हणणं काय तर झटापटीत गोळ्या सुटल्या. आता आहुजा नुकताच आंघोळ करून टॉवेल गुंडाळून उभा होता आणि मेल्यावरही टॉवेल जागच्या जागी! अशा वेळी नवखा वकील लगेच विचारणार, "मग टॉवेल का नाही सुटला?" इथेच घात, कारण "का" म्हटलं की साक्षीदाराला भाषण करायला मोकळं रान मिळतं. त्याऐवजी आधी झटापटच नीट सांगायला लावा, कुणी कुणाचा हात धरला, किती जोरात, किती वेळ, तो जितकी रंगवेल तितका टॉवेल त्यालाच नडणार. आणि शेवटी एकच सूचना घाला, म्हणजे आपली बाजू त्याच्यापुढे मांडून हो की नाही विचारा, की झटापट झालीच नाही. तो नाही म्हणणार, रेकॉर्डवर "असे म्हणणे खरे नाही की" असं येणार, येऊ द्या. सूचना घातलीच नाही तर बचाव पक्ष म्हणणार हे आरोपीला विचारलंच नव्हतं, बाकी सगळं शेवटच्या आर्ग्युमेंटला, म्हणजे युक्तिवादाला ठेवा.

दुसरं, आरोपीचं आधीचं म्हणणं. नानावटींनी जहाजावरून रिव्हॉल्वर आणि सहा गोळ्या घेतल्या त्या रात्री एकट्याने गाडीने अहमदनगरला जायचंय असं सांगून. कोर्टात म्हणाले, स्वतःला मारून घ्यायचं होतं. म्हणजे एक खोटं त्यांच्याच तोंडून कबूल, वर आरडाओरडा कशाला? ज्युरीने (तेव्हा दोषी की निर्दोष ठरवणारं सामान्य नागरिकांचं मंडळ) ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं तरी हायकोर्टाने आणि १९६१ मधे सुप्रीम कोर्टाने खूनच धरला, आणि टॉवेल निकालपत्रात आहे, वाचा.

एक मात्र, "पोलिसांना तर तू वेगळंच सांगितलंस" हे आरोपीला विचारायला जाऊ नका, पोलिसांपुढचा जबाब असा वापरता येत नाही. जजसमोरचा ३५१ चा जबाब आणि शपथेवरची साक्ष यात फरक पडला असेल तर तो धरा.