व्हेनिसहून रेल्वेने पादुआची एका दिवसाची सहल कशी आखावी?

आपला प्रश्न असा आहे, की मे महिन्यात व्हेनिसमध्ये तीन रात्रींचा मुक्काम असताना त्यातला एक दिवस काढून, सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन, रेल्वेने फ्लोरेन्स पाहून येणे जमेल का आणि त्यासाठी वेगवान गाडीचे आरक्षण आतापासूनच करावे का. जमेल, परंतु मी तसा सल्ला देणार नाही. व्हेनिसहून फ्लोरेन्सला वेगवान गाडीनेही एका बाजूचे दोन तासांहून अधिक लागतात. त्यात मुक्कामापासून सान्ता लुचिया स्थानकापर्यंतचा बोटीचा वेळ मिळवला, की वडीलधाऱ्यांचे निदान पाच-सहा तास बसण्यात आणि वाट पाहण्यात जातात, आणि ज्या शहराला दोन-तीन दिवस द्यायला हवेत ते धावतपळत उरकावे लागते. फ्लोरेन्स पुढच्या एखाद्या मुक्कामासाठी राखून ठेवावे आणि त्या दिवशी पादुआला जावे, असे मी मनापासून सांगेन.

पादुआ व्हेनिसपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहे. व्हेनिसहून मिलान, व्हेरोना आणि बोलोन्या या दिशांना जाणाऱ्या बहुतेक गाड्या तिथूनच जातात, त्यामुळे दिवसभर गाड्यांची वाण नसते. रेजोनाले व्हेलोचे ही कमी थांबे घेणारी प्रादेशिक गाडी साधारण अर्ध्या तासात पोहोचवते, तर प्रत्येक स्थानकावर थांबणारी साधी रेजोनाले पाऊण तासाच्या आसपास घेते. वेगवान गाडीलाही पंचवीस-तीस मिनिटे लागतातच, म्हणून तिचे जास्तीचे भाडे देण्यात मला काही अर्थ दिसत नाही. प्रादेशिक गाडीचे भाडे पाच युरोच्या आसपास आहे. ते ठरलेले असते, मागणीप्रमाणे वाढत नाही, आणि आसनांचे आरक्षणही नसते. तेव्हा रेल्वेचे तिकीट त्या दिवशी सकाळी स्थानकावर काढले तरी चालते. तिकिटाच्या यंत्रावर शहराचे नाव ‘पादोव्हा’ असे शोधावे.

आगाऊ आरक्षण करायचेच आहे ते स्क्रोवेन्यी चॅपेलचे, म्हणजे चित्रकार जोत्तोच्या भित्तिचित्रांनी भरलेल्या प्रार्थनामंदिराचे. आरक्षणाशिवाय तिथे जाता येत नाही, आणि मे महिन्यातल्या सोयीच्या वेळा लवकर भरतात. म्हणून आधी चॅपेलची वेळ मिळवावी आणि मग तिला धरून गाडी ठरवावी. सकाळी साडेदहाची वेळ मिळाली तर नऊच्या सुमारास व्हेनिस सोडणे उत्तम. चॅपेलमध्ये एका वेळी जास्तीत जास्त २५ माणसांना सोडतात. त्याआधी पंधरा मिनिटे सर्वांना एका बंद काचेच्या दालनात बसवतात, जेणेकरून बाहेरची आर्द्रता आणि धूळ चित्रांपर्यंत जाऊ नये, आणि त्यानंतर आत साधारण तेवढाच वेळ मिळतो. ठरलेल्या वेळेला दार उघडते आणि बंद होते. उशिरा येणाऱ्यासाठी ते पुन्हा उघडत नाही. पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, म्हणून निदान अर्धा तास आधी तिथे असावे.

त्या पंधरा मिनिटांसाठी एवढा खटाटोप करावा, असे ते ठिकाण आहे. एन्रिको स्क्रोवेन्यी या धनाढ्य सावकाराने बांधवून घेतलेले हे चॅपेल १३०५ साली प्रतिष्ठापित झाले आणि त्याच्या भिंती जोत्तोने रंगवल्या. बाहेरून विटांची साधी इमारत दिसते. आत शिरताच डोक्यावर गडद निळे छत आणि त्यावर सोनेरी तारे. वेळ थोडा असल्याने सगळेच पाहण्याचा हट्ट धरू नये. ख्रिस्ताच्या मृतदेहाभोवतीचा शोक दाखवणाऱ्या एका चित्रासमोर मात्र जरूर थांबावे. मरियेने मुलाचे मस्तक कवटाळून आपला चेहरा त्याच्या चेहऱ्याजवळ नेला आहे. मागच्या खडकाची उतरती कड आपली नजर थेट त्या दोन चेहऱ्यांपाशी आणून सोडते. पुढे दोन स्त्रिया आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत, त्यांची तोंडे दिसत नाहीत, तरी खांद्यांच्या बाकावरून त्यांचे दुःख कळते. आणि वर आकाशात देवदूत आकांत करीत आहेत. सातशे वर्षांपूर्वीच्या चित्रात मानवी शोक इतक्या जवळून पाहायला मिळेल, याची कल्पना आधी येत नाही. चॅपेलपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एरेमितानी चर्चमधील मान्तेन्याची भित्तिचित्रे मार्च १९४४ मधील बॉम्बफेकीत बहुतांशी नष्ट झाली. हे ठाऊक असले, की जोत्तोच्या भिंती शाबूत राहिल्याबद्दल अधिकच कृतज्ञता वाटते.

आता स्थानकावरच्या गोष्टी. फलाटाजवळ लावलेल्या दोन तक्त्यांपैकी पिवळा सुटणाऱ्या गाड्यांचा आणि पांढरा येणाऱ्या गाड्यांचा असतो. विजेच्या फलकावर ठळकपणे दिसते ते शेवटचे स्थानक, त्यामुळे तिथे ‘पादोव्हा’ न दिसता ‘व्हेरोना पोर्ता नुओव्हा’ किंवा ‘बोलोन्या चेंत्राले’ दिसेल; मधले थांबे पिवळ्या तक्त्यावर पाहून घ्यावेत. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरील छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ उमटवणे बंधनकारक आहे, आणि त्यानंतर ते चार तास चालते. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो, म्हणून सगळ्या तिकिटांवर आपण स्वतः शिक्का मारावा. तिकीट मोबाइलवर घेतले असेल, तर त्यासोबत आलेल्या सूचना गाडीत बसण्यापूर्वी वाचाव्यात आणि चेक-इन करायला सांगितले असेल तर तेही तेव्हाच करावे. तिकीट-यंत्रापाशी आपणहून मदतीला येणाऱ्या अनोळखी माणसांना नम्रपणे नकार द्यावा.

पादुआ स्थानकापासून चॅपेल दहा-बारा मिनिटांच्या सपाट रस्त्यावर आहे. चालणे नको असेल, तर स्थानकासमोरून सुटणारी ट्राम चॅपेलजवळून, जुन्या शहरातून थेट प्रातो देल्ला व्हाल्ले या विशाल चौकापर्यंत जाते. आई-वडिलांना हिचा फार आधार होईल. चॅपेलनंतर पलाझ्झो देल्ला राजोने या मध्ययुगीन न्यायसभागृहाकडे जावे. त्याचे वरचे दालन सुमारे ८० मीटर लांब असून त्याला मध्ये एकही खांब नाही. त्याच्या खाली आणि दोन्ही बाजूंच्या चौकांत भाजी-फळांचा बाजार भरतो, तो दुपारी पांगू लागतो, म्हणून क्रम असाच ठेवावा. रविवारी हा बाजार नसतो आणि सोमवारी पलाझ्झो बंद असतो. त्यामुळे मंगळवार ते शनिवार यांपैकी दिवस निवडावा.

दुपारनंतर संत अँथनींच्या बॅसिलिकेत जावे. वसईत आणि गोव्यात घरोघरी ज्यांची भक्ती चालते, त्या संतांची समाधी इथे आहे. प्रवेशाला शुल्क नाही, मात्र खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. दाराबाहेर दोनातेल्लोने घडवलेला गात्तामेलाता या सेनापतीचा अश्वारूढ कांस्यपुतळा आहे. जवळच १५४५ साली स्थापन झालेले वनस्पतिउद्यान आहे. आईंना झाडांची आवड असल्याचे आपण लिहिले आहे, तेव्हा दिवसाचा उरलेला वेळ मी तिथेच घालवीन. विद्यापीठ १२२२ सालचे आहे आणि गॅलिलिओने तिथे अठरा वर्षे शिकवले, पण आतली जुनी दालने मार्गदर्शकाबरोबरच पाहता येतात; एका दिवसात चॅपेल आणि विद्यापीठ अशा दोन बांधलेल्या वेळा ज्येष्ठांवर लादू नयेत.

आपण शाकाहारी आहात, म्हणून जेवणाचेही सांगतो. रिसोत्तो वरकरणी भाज्यांचा वाटला तरी तो बहुधा मांसाच्या रश्श्यात शिजवलेला असतो, म्हणून ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो दि कार्ने’ असे स्पष्ट सांगावे. टोमॅटोच्या सॉसमधली बिगोली ही इथली जाड शेवयांसारखी पास्ता सोयीची पडते. बरीच उपाहारगृहे अडीचच्या सुमारास स्वयंपाकघर बंद करतात आणि संध्याकाळी सातनंतर उघडतात, म्हणून एक वाजताच जेवायला बसावे.

निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी ‘शोपेरो’, म्हणजे रेल्वेचा संप, जाहीर झाला आहे का ते पाहावे. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवणे रेल्वेला बंधनकारक असते; त्या वेळांत जाणे-येणे बसवले तर सहल रद्द करावी लागत नाही. परतीच्या गाडीचे शेवटचे स्थानक ‘व्हेनेत्सिया सान्ता लुचिया’ आहे याची खात्री करून चढावे, कारण काही गाड्या खाडीअलीकडच्या मेस्त्रे स्थानकावरच संपतात, आणि दिवसभर फिरून थकलेल्या आई-वडिलांना तिथे पुन्हा फलाट बदलून दुसरी गाडी पकडावी लागेल.