सुका जोड

पोरी,

काल फोनवर विचारलंस, "काका, लांबचे ट्रेक माझं काम नाही का?" राजगड-तोरणा-रायगड म्हणून निघालीस आणि दुसऱ्या रात्रीनंतर तोरण्यावरून वेल्ह्यात उतरून एसटी धरलीस, एवढंच ना? रायगडाकडे उतरायच्या सिंगापूर नाळेत, त्या उभ्या घळीत, भर पावसात दगड येतात, तिकडे गेली नाहीस हे उत्तमच. मला एवढंच सांग, तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळात झोपताना अंगावर काय होतं?

ओलं. मग तंगड्यांना कशाला दोष देतेस?

सुका जोड, पोरी. एक टीशर्ट, एक पायजमा, एक मोज्यांची जोडी. रेनकव्हरवर विसंबू नकोस, ते पाठीकडून उघडंच असतं आणि पाठीवरून ओघळलेलं पाणी थेट सॅकच्या बुडाशी जमतं. शिवाय धारेवर पाऊस वरून थोडाच येतो? तोरण्याच्या बुधला माचीवरच्या वाऱ्यात तो दरीतून वर येतो, पोंचोच्या आत शिरतो. खताच्या गोणीतलं आतलं जाड प्लास्टिक घे, त्यात जोड घाल, तोंड पिळून दुमड आणि सुतळीने बांध. चालताना गाठ सोडायची नाही. कितीही थंडी वाजली तरी नाही.

आणि सकाळी तो जोड काढून परत पिशवीत. कालचे गार, निथळणारे कपडे पुन्हा अंगावर. इथेच सगळे कच खातात, तूही खाल्ली असशील. ओल्या पँटीत पाय घालताना तोंडात शिव्या येतात. दे. पाव तास चढलीस की अंग तापतं. पण सुका जोड सुकाच.

तुला कुणीतरी सांगितलं असेल की म्हातारा निर्दयी आहे. टोलारखिंडीच्या वर, हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर, एका मित्राचे दात वाजत होते. त्याने माझा सुका शर्ट मागितला. गुहा दीड-दोन तास लांब होती. मी नाही म्हणालो. दहा मिनिटांत चिंब झाला असता तो शर्ट, मग रात्री दोघांनाही काही उरलं नसतं. गुहेत पोचल्यावर तोच शर्ट मी त्याला घातला आणि स्वतः रात्रभर ओला बसलो, हे तो कुणाला सांगत नाही. असो. माझं चुकलं नव्हतं. विंडचीटर तेवढा काढून द्यायला हवा होता. ते सुचलं तोवर त्याने माझ्याबरोबर येणं सोडलं होतं.

रविवारी घरी ये. गोणी मी आणून ठेवतो. येताना ती सॅक आण, धुऊ नकोस. पाणी कुठवर चढलं होतं ते डागांवरून बघू.

— काका