ज्या शहरात कधी पाऊलही ठेवलं नाही, तिथल्या संघांचा माणूस आयुष्यभर चाहता कसा काय होतो?

माझ्यापुरतं सांगतो. माझं शहर क्लीव्हलंड. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी. तिथे माझं कोणी नाही, मी कधी गेलेलो नाही, आणि बेसबॉलचे निम्मे नियम मला तिशीत कळले.

सुरुवात शहरामुळे नाही, एका माणसामुळे झाली. ३१ मे २००७. लेब्रॉन जेम्स नावाचा २२ वर्षांचा पोरगा बास्केटबॉलच्या मॅचमध्ये डेट्रॉइटच्या मैदानात ४८ गुण करून गेला. क्लीव्हलंड कॅव्हेलियर्सचे शेवटचे सलग २५ गुण एकट्याचे. बाकीचे चौघे नुसते सोबतीला धावत होते म्हणा ना. बास्केटबॉल मला फारसा कळत नव्हता, पण हे काहीतरी भलतंच चाललंय एवढं कळलं. फायनलच्या सात मॅचच्या मालिकेत सॅन अँटोनिओने त्यांना ४-० असं धुतलं, तरी मी अडकलो तो अडकलोच.

मग जुलै २०१० मध्ये हाच पोरगा टीव्हीवर थेट कार्यक्रम करून मायामीला निघून गेला. लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या. संघमालकाने संतापून जाहीर पत्र काढलं, तेही कॉमिक सान्स फाँटमध्ये. (इतका राग आणि असा फाँट!)

वरच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यानंतरच्या हिवाळ्यात मिळालं. मी मायामीच्या मॅच लावून पाहिल्या. माणूस तोच, खेळ तोच, पण मन लागेना. आणि तिकडे कॅव्हेलियर्स ओळीने २६ मॅच हरत होते, त्यातल्या बऱ्याच मी पहाटे उठून पाहिल्या. विसाव्या की एकविसाव्या पराभवाला स्वतःलाच विचारलं, अरे, तू हे का बघतोयस? ज्याच्यासाठी आलो होतो तो तर कधीच गेला होता. तरी दुसऱ्या दिवशी गजर लावला.

त्याच काळात या शहराचा मागचा इतिहास वाचत बसलो, आणि तिथे पुरता फसलो. क्लीव्हलंडने आपल्या पराभवांची बारशी केली आहेत. १९८७ ची 'द ड्राइव्ह', १९८८ ची 'द फंबल', या दोन्ही अमेरिकन फुटबॉलमधल्या, दोन्हीत समोर डेन्व्हर. १९८९ चा 'द शॉट', म्हणजे शेवटच्या क्षणी मायकेल जॉर्डनने घातलेला बास्केट. नुसतं नाव घेतलं तरी तिथला माणूस कळवळतो. आणि १९९५ मध्ये तर फुटबॉल संघ ब्राउन्स मालकाने थेट बाल्टिमोरला हलवायचं ठरवलं. शहर भांडलं. संघ गेला, पण नाव, रंग आणि जुने सगळे विक्रम त्यांनी जाऊ दिले नाहीत. तीन मोसम संघच नव्हता, नुसतं नाव राखून ठेवलेलं. १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. हे वाचल्यावर ब्राउन्सही माझे झाले. फुटबॉल कळायला मात्र आणखी दोन वर्षं गेली.

लेब्रॉन २०१४ मध्ये परत आला. २०१६ ची फायनल गोल्डन स्टेट संघाशी, ज्यांनी त्या मोसमात ७३ मॅच जिंकल्या होत्या. आम्ही (हो, एव्हाना 'आम्ही' झालं होतं) ३-१ ने मागे. फायनलमध्ये तिथून कोणी कधीच परतलं नव्हतं. सातव्या मॅचला ८९-८९ वर गाडी अडकली ती हलेचना. मग लेब्रॉनने मागून धावत येऊन त्यांच्या इग्वोडालाचा बॉल बोर्डवर थोपटला, आमच्या कायरी अर्विंगने तीन गुणांचा बास्केट घातला, आणि मॅच संपली ९३-८९ वर. शहराचं १९६४ नंतरचं पहिलं मोठं विजेतेपद. मी एका पायात मोजा घालून तसाच बसून राहिलो होतो. ऑफिसला उशीर झाला, कारण खोटं सांगितलं.

सुख किती दिवस टिकावं? चार-साडेचार महिने. त्याच वर्षी बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे तिथल्या फायनलमध्ये, आमचा संघ शिकागो कब्सविरुद्ध ३-१ ने पुढे होता. सातवी मॅच दहाव्या डावात गेली, मध्ये १७ मिनिटं पाऊस, आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. बेसबॉलचं शेवटचं विजेतेपद १९४८ चं, ते तसंच राहिलं.

२०१७ च्या मोसमात ब्राउन्स १६ पैकी १६ मॅच हरले. जानेवारीत कडाक्याच्या थंडीत चाहत्यांनी त्याची मिरवणूक काढली, स्टेडियमभोवती गोल, म्हणजे शून्याच्या आकारात. त्याचे व्हिडिओ मी २०१६ च्या विजयाच्या मिरवणुकीपेक्षा जास्त वेळा पाहिले असतील.

२०१८ च्या उन्हाळ्यात लेब्रॉन पुन्हा शहर सोडून गेला, या वेळी लॉस एंजेलिसला. बातमी वाचली, फोन बाजूला ठेवला. थोड्या वेळाने परत उचलला तो ब्राउन्सची पहिली मॅच कधी आहे ते बघायला.